शंका-समाधान : खुरप्यापासून झेल्यापर्यंत

परसबागेतल्या फळझाडांवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत झाडांपेक्षा सामानाचीच विचारणा जास्त आहे. काय घ्यावे, घेतलेले वापरावे कसे, आणि वापरताना काही बरेवाईट तर होणार नाही ना, असा बहुतेकांचा सूर आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत, शब्द मात्र विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत.

शंका : ताई, निवृत्तीनंतर साताऱ्याजवळ लहानसे घर बांधले. मागे जेमतेम दीड गुंठा जागा आहे. आंबा, पेरू, लिंबू, शेवगा आणि चार वाफे भाजी, एवढीच हौस. मुलाने मोबाइलवर बागेच्या सामानाची यादी पाठवली. त्यात अडतीस वस्तू! मातीची ओल मोजायचे यंत्र, गवत कापायचे मशीन, पाच तऱ्हेच्या कात्र्या. पेन्शनीत हे बसत नाही. पण सामानावाचून झाडे गेली तर आयुष्यभर हळहळ लागेल.

समाधान : यादी आज बाजूला ठेवा. सामान नव्हते म्हणून झाड मेल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पाणी साचून, बुंध्याशी कच्चे शेण घालून किंवा कलम फार खोल लावून मेलेली झाडे मात्र पुष्कळ पाहिली आहेत. दीड गुंठ्याला खुरपे, कुदळ, फावडे, घमेले, सिकेटर (फांद्या छाटायची स्प्रिंगची कात्री), एक छोटी करवत आणि झारी किंवा नळी एवढे पुरते. पहार खड्ड्यांपुरतीच लागते, ती शेजारून आणा. तुमच्याकडे खाली मुरूम लागला, तर दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डे एखाद्या मजुराकडून उन्हाळ्यातच काढून घ्या. तापलेल्या खड्ड्यात पावसाच्या तोंडावर चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरायचे. या कामासाठी तुम्ही कमरेला त्रास देऊ नये, असे मला वाटते.

खुरपे आणि कुदळ शक्यतो आठवडी बाजारात लोहाराकडून घ्या. पत्रा कापून केलेले रंगीत खुरपे चार दिवसांत वाकते, ठोकून घडवलेले वर्षानुवर्षे धार घेते. दांडा बाभळीचा असावा आणि हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पैसे टाकायचे असतील तर सिकेटरवर टाका. तिचे दोन प्रकार मिळतात. एकात दोन पाती एकमेकांना घासून जातात, दुसऱ्यात एकच पाते सपाट पट्टीवर आपटते. ओल्या फांदीला पहिलाच प्रकार हवा, दुसऱ्याने साल चेंगरते आणि चेंगरलेल्या जागी रोग शिरतो. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत सिकेटर, त्यापुढे करवत. फांदी करवतीने कापताना आधी खालून थोडा छेद द्या आणि मग वरून कापा, म्हणजे पडताना ती बुंध्याची साल सोलून नेणार नाही. घर पालिकेच्या हद्दीत असेल, तर मोठे झाड तोडण्यापूर्वी किंवा त्याच्या मोठ्या फांद्या उतरवण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाकडे विचारणा करा. त्यासाठी १९७५ चा कायदा आहे आणि झाड आपल्या आवारात असले तरी तो लागू होतो.

ओल मोजायला यंत्र नको. चार बोटे खोल माती काढून मुठीत दाबा. हाताला चिकटली तर पाणी नको. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर तो वाफसा (चिखल नाही, कोरडेपणाही नाही, अशी कामाजोगी ओल). गोळाच होत नसेल तर पाणी द्या. दोन वस्तू मात्र जरूर घ्या, मुलाच्या यादीत नसल्या तरी घ्या : रबरी हातमोजे आणि गमबूट. खताच्या पिशव्या आणण्याआधी एकदा मातीचे परीक्षण करून घ्या. सरकारी प्रयोगशाळेत ते थोडक्यात होते आणि निम्मी खते आणावीच लागणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

शंका : चिपळूणहून लिहिते. गवत काढताना गंजलेले खुरपे तळहाताला लागले. जखम लहानच, पण खोल. सासूबाईंनी हळद दाबली, रक्त थांबले. शेजारच्या काकू म्हणतात, गंजाने धनुर्वात होतो. खुरपे फेकून दिले. रात्री झोप लागत नाही. जबडा दुखल्यासारखा वाटतो, की मनाचे खेळ आहेत?

समाधान : धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात सुप्त अवस्थेत असतात. गंजलेल्या खुरप्याला माती लागलेली असते म्हणून दोष गंजावर जातो. नव्या कोऱ्या, चकचकीत हत्याराने मातीत काम करताना झालेली खोल जखमही तेवढीच धोक्याची. हळदीने रक्त थांबले असेल, पण खोल जखमेतली माती त्याने निघत नाही. अशी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवावी लागते.

पत्र छापून येईपर्यंत दिवस जातात, म्हणून तुम्हाला स्वतंत्रपणेही कळवले आहे : डॉक्टरांकडे आजच्या आज जा. शेवटची लस कधी घेतली होती ते आठवून सांगा. मातीने मळलेल्या जखमेला, लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर सहसा पुन्हा एक मात्रा देतात. पूर्वी लस घेतलीच नसेल किंवा आठवत नसेल, तर डॉक्टर आणखी एक वेगळे इंजेक्शन सुचवू शकतात. जबडा दुखणे मनाचे असू शकते, परंतु तोंड उघडताना ताठरपणा जाणवला, गिळता येईना किंवा मान आखडली, तर वाट पाहायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचे. खुरपे सापडले तर परत आणा. विटेच्या तुकड्याने घासून, खोबरेल तेलाचा हात फिरवून टांगून ठेवा. ते चांगले असावे, नाहीतर इतके खोल लागले नसते.

शंका : सांगोल्याला घराभोवती डाळिंबाची सहा झाडे आहेत. दोन झाडांच्या फळांवर तेलकट काळे डाग पडून फळे तडकली. लोक तेल्या म्हणतात. मी एकाच सिकेटरने सगळी झाडे छाटली होती. म्हणजे मीच रोग वाटला का? सिकेटर जाळून टाकू का? ही फळे नातवंडांनी खाल्ली आहेत.

समाधान : नातवंडांची काळजी आधी मिटवू. तेल्या हा झाडाचा जिवाणूजन्य रोग आहे, तो माणसाला होत नाही. तडकलेल्या फळात कुजकी बाजू असेल तर तेवढे फळ खाऊ नये, एवढेच.

हा रोग पावसाच्या शिंतोड्यांनी, रोगट रोपांतून आणि हत्यारांतूनही पसरतो. तुमच्या सिकेटरचा हात त्यात असेलही, पण एकट्या तिचा नसेल. जाळायच्या आहेत त्या रोगट फांद्या आणि पडलेली फळे. सिकेटर ठेवा आणि प्रत्येक झाडानंतर पाती निर्जंतुक करा. सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने आधी चिकटलेला रस पुसून काढा, मग पुन्हा एकदा नव्या फडक्याने पुसा. घरातले ब्लीच वापरायचे असेल तर एक भाग ब्लीचला चार भाग पाणी घ्या. त्यात पाती बुडवून ठेवा आणि काम संपल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन तेल लावा, नाहीतर लोखंड खाल्ले जाते. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. छाटणीचा क्रम असा ठेवा : निरोगी झाडे आधी, संशयित झाडे शेवटी. पाऊस किंवा दव असताना कात्री लावायची नाही. डाग तेल्याचेच आहेत का, हे पत्रावरून ठरवता येत नाही. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुम्हाला जवळ आहे. फळे आणि पाने कोरड्या कागदात गुंडाळून तिथे दाखवा.

शंका : वरुडजवळ राहतो. परसात संत्र्याची तीन झाडे आहेत. एकाच्या बुंध्यातून डिंक गळतो आहे. दुकानदाराने मोरचूद दिले, चुन्यात कालवून लावा म्हणाला. निळे विष ते! शेजारीच विहीर आहे, घरात दोन वर्षांचे मूल आहे. लावावे की झाड जाऊ द्यावे?

समाधान : झाड जाऊ देण्याची वेळ आलेली दिसत नाही. बुंध्यातून डिंक गळणे हे संत्रा-लिंबाच्या डिंक्या रोगाचे (बुंध्याच्या सालीची बुरशीने होणारी कूज) लक्षण असते आणि मोरचूद व चुना हा त्यावरचा जुना, भरवशाचा उपाय आहे. त्याची गोष्टही मजेची आहे. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या आसपास द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळे पाणी मारत. चोरट्यांनी द्राक्षे विषारी समजावीत, एवढाच हेतू. आलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले, की आतल्या वेली केवडा रोगाने झडल्या पण रस्त्याकडेच्या तगल्या. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केले. आपण त्यालाच बोर्डो म्हणतो. तेव्हा तुमची भीती नवी नाही, त्या चोरट्यांनाही तीच वाटत असणार.

आता कृती. बुंध्याला लावायला पेस्ट हवी : मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. अर्ध्या पाण्यात मोरचूद रात्री फडक्यात बांधून लोंबकळत ठेवा, विरघळून जाते. उरलेल्या पाण्यात चुना विझवा. चुना विझताना उकळतो, तोंड दूर ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. दोन्ही गार झाल्यावर मोरचुदाचे पाणी चुन्यात ओता आणि काठीने ढवळत राहा. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडाचे नको. मग घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, आणखी चुना घाला. रोगट साल धारदार चाकूने खरवडून काढा, खरवड गोळा करून जाळा, आणि जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पेस्ट ब्रशने लावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

ही पेस्ट सालीवरच राहते, झाडात मुरून फळात उतरत नाही. विहिरीची भीती मात्र अगदीच अनाठायी नाही. उरलेले पाणी किंवा भांड्याचे धुवण विहिरीत, ओढ्यात, गटारात ओतू नका, मोरचुदातले तांबे माशांना बाधते. मोरचुदाचा निळा खडा लहान मुलाला खडीसाखरेसारखा दिसतो, हा खरा धोका आहे. जेवढे लागेल तेवढेच आणा, नाव लिहिलेल्या डब्यात कुलूपबंद ठेवा. मुलाने तोंडात घातलेच तर उलटी करवू नका, तोंड धुवा आणि डबा बरोबर घेऊन रुग्णालयात जा, १०८ ला फोन करा. सालीची कूज बुंध्याच्या निम्म्या घेराहून जास्त पसरली असेल, तर घरगुती उपायाने भागणार नाही. अकोल्याचे कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्या तज्ज्ञांना दाखवा. आणि एक करा : पाणी बुंध्याला लागू देऊ नका. बुंध्याभोवती मातीचे एक छोटे आळे, त्याबाहेर दुसरे मोठे आळे, आणि पाणी फक्त दोन्हींच्या मध्ये. बऱ्याच झाडांचा डिंक्या बुंध्याशी तुंबलेल्या पाण्यापासूनच सुरू होतो.

शंका : नाशिक. भावाच्या शेतातला फवारणी पंप आणून टोमॅटो आणि पपईवर निंबोळी अर्क मारला. आठवड्यात सगळी पाने दोरीसारखी वळली. भाऊ म्हणतो, त्याआधी त्याने बांधावर तणनाशक मारले होते, पण पंप धुतला होता. कोणी करणी केली असे आई म्हणते.

समाधान : आईंना सांगा, करणी नाही, पंप आहे. २,४-डी जातीची तणनाशके पंपाच्या रबरात आणि नळीत मुरून बसतात. साध्या धुण्याने ती पुरती निघत नाहीत आणि टोमॅटो, द्राक्ष, कापूस, पपई यांना त्यांचा अंशही पुरतो. पपईची पाने विषाणूनेही अशीच चिंचोळी होतात, पण विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर हळूहळू जातो. फवारल्यानंतर एकाच आठवड्यात टोमॅटो आणि पपई दोन्ही वळली, म्हणून संशय पंपावर.

नवी फूट सरळ येते का, ते दोन-तीन आठवडे पाहा. पाणी नियमित द्या, खताचा भडिमार करू नका. अंश किती होता ते ठरवता येत नाही, तेव्हा सध्याची फळे खाऊ नका. परसबागेला एक-दोन लिटरचा हातपंप पुरतो, तो स्वतंत्र घ्या आणि तणनाशक परसात आणूच नका. दीड-दोन गुंठ्यातले तण खुरप्याने निघते. कुठलेही औषध घेताना डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या डब्यांचे घराच्या परसात काही काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंका : पाचट आणि पालापाचोळा झाडाखाली पसरा, असे तुम्ही लिहिले होते. भोर तालुक्यात आमच्याकडे घोणस निघते. आच्छादनात साप बसले तर?

समाधान : साप पाचोळ्यासाठी येत नाही, उंदरांसाठी येतो. आच्छादन चार बोटे जाडीचेच ठेवा, घराच्या भिंतीपासून आणि पायवाटेपासून दूर. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी. विटा, लाकडे, पत्रे यांचे ढीग परसात असतील तर ते आधी हलवा, धोका तिथे जास्त. हात घालण्याआधी लांब दांड्याच्या दाताळ्याने पाचोळा सारा. गमबूट घालूनच जा, अंधारात विजेरीवाचून नको. साप दिसला तर मारायला जाऊ नका, लांब उभे राहून वन विभागाला किंवा सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांत वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता थेट रुग्णालयात, कारण प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचे औषध) तिथेच मिळते.

शंका : कोल्हापूर. पेरूला घालायला दुकानातून पेंड आणली. आमचा मोत्या रोज तिथे उकरून खातो. सेंद्रिय आहे, मग काही होणार नाही ना?

समाधान : पिशवीवर काय लिहिले आहे, ते आत्ता जाऊन वाचा. निंबोळी पेंड कडू असते, कुत्रे सहसा तिच्या वाटेला जात नाही. एरंडी पेंड असेल तर मात्र ती विषारी आहे. एरंडीच्या बियांतले रायसिन हे विष तेल काढल्यावर पेंडीतच राहते. सेंद्रिय असण्याचा आणि निर्धोक असण्याचा संबंध नाही. मिश्र पेंडीतही एरंडी असू शकते.

मोत्याने एरंडी पेंड खाल्ली असेल, तर उलट्या किंवा रक्ताची हगवण सुरू होण्याची वाट पाहू नका, पिशवी घेऊन पशुवैद्यकाकडे जा. यावर उतारा नाही, पण वेळेवर सलाईन आणि उपचार मिळाले तर जनावर वाचू शकते. घरात कुत्रे, शेळी किंवा कोंबड्या असतील तर एरंडी पेंड आणूच नये. हाडांचा चुराही नको, त्या वासाने कुत्री आळे उकरतात. पेरूला कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड भरपूर झाली.

शंका : न्यू जर्सीत मुलीकडे चालले आहे. तिच्या मागच्या अंगणासाठी इथले खुरपे आणि हापूसचे एक कलम न्यावे म्हणते. अडवतील का?

समाधान : खुरपे न्या, कलम नको. खुरपे घासून, धुऊन, मातीचा कण न ठेवता चेक-इन सामानात ठेवा, हातातल्या बॅगेत धारदार वस्तू चालत नाही. अमेरिकेत परवान्याशिवाय माती नेता येत नाही, रोपांनाही आरोग्य प्रमाणपत्र लागते. विचारतील तेव्हा लपवू नका. शिवाय न्यू जर्सीच्या हिमात आंबा उघड्यावर जगणार नाही. तिथे मेथी, कोथिंबीर, गवार उन्हाळ्यात छान येते, खुरपे वाया जाणार नाही.

शंका : डिचोली, गोवा. परसातला मानकुराद आंबा यंदा भरून आला आहे. झाड उंच, चढणारा माणूस मिळत नाही. अॅल्युमिनियमची लांब होणारी काठी आणि जाळी ऑनलाइन मागवली. विजेची तार फांद्यांच्या वरून जाते. घरचे म्हणतात, जपून काढले तर काही होत नाही. मला धीर होत नाही.

समाधान : तुमचा धीर होत नाही, हे अगदी योग्य आहे. अॅल्युमिनियमच्या काठीने हे काम करू नका, जपूनही नाही. वजनाने काठीचे टोक कलते आणि तार हातभर लांब असली तरी लागते. बांबू बरा म्हणावा, तर ओला बांबूही वीज वाहून नेतो. तारेत शिरलेल्या फांद्या घरच्यांनी किंवा रोजंदारीच्या माणसाने छाटायच्या नाहीत. वीज खात्याला लेखी कळवा, ते पुरवठा बंद करून छाटतात. महाराष्ट्रातल्या वाचकांनी महावितरणला कळवावे. कोणी चुकून तारेला चिकटलेच, तर त्याला हात लावू नका, वीज बंद करवा आणि मग रुग्णवाहिका.

तारेपासून दूर, खालच्या फांद्यांसाठी झेला (लांब काठीला जाळी आणि पाते लावलेले आंबे उतरवायचे साधन) घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला म्हणून सुधारित प्रकार काढला आहे. त्यात पाते देठ कापते आणि आंबा जाळीत पडतो. देठ थोडा राहिला पाहिजे. देठ मोडला की चीक ओघळतो, सालीवर डाग पडतात आणि तिथूनच आंबा सडतो. चीक डोळ्यांत किंवा हातावर उडाला तर लगेच धुवा, डोळ्यांची आग थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. तारेजवळच्या फांद्यांवरचे आंबे यंदा सोडून द्या, पिकून खाली पडतील ते वेचून रस काढा. छाटणीचा अर्ज मात्र याच आठवड्यात करा, पावसाळी वारा सुटण्याआधी ते काम झाले पाहिजे.